मावसाजींनी न घेतलेली फटफटी

आमच्या मावसाजींइतका सावकाश माणूस सौंसर तहसिलीत झाला नाही, आणि पांढुर्ण्याकडेही कुणी असेल असे मला वाटत नाही. घाईने झालेली त्यांची गोष्ट एकच, ती म्हणजे सातव्या महिन्यात जन्माला येणे. त्याची भरपाई ते पुढे आयुष्यभर करीत राहिले. बैल घ्यायचा तर बाजारामागून बाजार त्याचे दात पाहत, आणि मग एक दिवस तो बैल दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेला दिसे. हॉटेलात आलुबोंडा मागवण्याआधी तो कधी तळला, कशात तळला, आज कुणी खाल्ला, हे सगळे विचारत. तोवर तो थंड होई, आणि थंड आलुबोंडा पोटाला बरा नाही म्हणून नुसता चहा पिऊन निघत. माझ्या मावशीला पाहायलासुद्धा ते पुन्हा पुन्हा येत होते. शेवटी आमच्या आजोबांनीच त्यांना दारापर्यंत पोचवताना सांगितले, "आता येसान त बाजा घेऊनच या." मावसाजी बाजा घेऊन आले, पण वाजंत्री निवडण्यात लग्नाची तिथी हुकता हुकता राहिली. कुणी घाई केली की त्यांचे उत्तर ठरलेले असे, "पाहून राहिलो ना मी." हे ते इतक्या गोडीने म्हणत की रागावणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटे.

मावशीचे गुडघे तरुणपणीच धरले होते. ती सौंसरला, तिची धाकटी बहीण म्हणजे माझी आई पांढुर्ण्याला. बैलगाडीच्या धक्क्यांनी गुडघे सुजत, आणि मोटारीत बसले की तेलाच्या वासाने तिला भडभडून येई. त्यामुळे दोघी बहिणींची भेट सणावारीच व्हायची, आणि भेट झाली की पहिला अर्धा तास दोघी नुसत्या रडत.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मँगनीजच्या खाणीवरचा गोरा साहेब आपली जुनी फटफटी लोधीखेड्याच्या एका संत्र्यांच्या बगीचेवाल्याला देऊन विलायतेला निघून गेला. फटफटीला बाजूने डोलीसारखी एक खुर्ची जोडलेली होती. बगीचेवाल्याची बायको तीत बसून मोठ्या हौसेने बाजारहाट करायची. पुढे ती तापाने गेली आणि त्या गृहस्थांना फटफटी पाहवेना. "बाजूले कोणी नसलं त हे एकीकडंच ओढते," असे म्हणून त्यांनी ती स्वस्तात विकायला काढली.

मावसाजींच्या कानावर हे आले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्या डोलीत बसलेली मावशी उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी ते सायकलने लोधीखेड्याला गेले. चाके दाबून पाहिली, इंजिनाला कान लावला, आणि मावशीची उशी सोबत नेली होती ती ठेवून खुर्चीत स्वतः बसून पाहिले. मग चहा झाला. "पुढच्या बाजारी सांगतो," म्हणून परतले. पुढच्या बाजारी ब्रेक पाहायचा राहिला होता, त्याच्या पुढच्या बाजारी दिवा. दर बाजारी बगीचेवाले खाट टाकून वाट पाहत बसलेले असत. फटफटी पाहून झाली की दोघे संत्र्यांच्या हिवाळी आंब्या बहाराबद्दल आणि पावसाळी मृग बहाराबद्दल बोलत बसत, आणि मावसाजी दिवेलागणीला घरी येत.

"काय ठरलं?" मावशी विचारी.

"पाहून राहिलो ना मी."

अशी वर्षे गेली. मध्येच राज्यांची पुनर्रचना निघाली आणि मावसाजींना नवा घोर लागला. फटफटीचे पार्ट नागपूरला मिळत. नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि आपण इकडेच राहिलो, तर? "एका नटबोल्टासाठी परराज्यात जायचं का मंग?" असे ते गावभर विचारत हिंडले. नागपूर खरेच मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. मावसाजींनी नव्याने विचार सुरू केला.

त्याच थंडीत आईला विषमज्वर झाला. ती ग्लानीत सारखी "ताई, ताई" करू लागली. मी पांढुर्ण्यालाच शाळेत मास्तर होतो. सकाळच्या बसने सौंसरला जाणाऱ्या शेजाऱ्याजवळ मी निरोप दिला. निरोप ऐकून मावशी चपला घालून दारात येऊन बसली. मावसाजींनी कुणालाही काही विचारले नाही. टोपीही न घालता सायकल काढली आणि थेट लोधीखेडे गाठले.

दुपारी आमच्या गल्लीत असा आवाज झाला की कुत्री पळाली. पुढे बगीचेवाले, त्यांच्या पाठीला चिकटून डोळे गच्च मिटलेले मावसाजी, आणि डोलीत डोक्याला पदर गुंडाळून, धुळीने पांढरी झालेली मावशी. तिला हाताला धरून मी आत नेले. आईने डोळे उघडले.

"ताई, मोटार लागली का वं तुले?"

"मोटारीनं नाई आली," मावशी तिच्या उशाशी बसत म्हणाली. "डोलीत बसून आली, नवरीवानी."

आई हसली. त्या आठवड्यातले तिचे ते पहिले हसणे होते. बाहेर मावसाजी फटफटीभोवती फिरत मला म्हणत होते, "चालते त बरी. पन उताराले ब्रेक पाहा लागंल."

मावशी आमच्याकडे राहिली आणि आई बरी झाली. तेव्हा कुठे मावसाजींचा फटफटी घेण्याचा निर्णय झाला. मोठ्या गांभीर्याने तो सगळ्यांना सांगून ते लोधीखेड्याला गेले. बगीचेवाल्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"कवाही सांगा, मी घेऊन येतो. पन इकत नाई देत."

"काहून?"

"इकली त तुमी मंग येसान कायले?"

मावसाजी म्हणाले, "बराबर हाये," आणि खाटेवर बसले.

त्यानंतर तिघेही त्या फटफटीवरून आमच्याकडे वारंवार येत. दोघी बहिणी अंगणात कापूस निवडत बसत, आणि हे दोघे बाहेर इंजिनाला बोटे लावून चर्चा करीत.

बरीच वर्षे लोटल्यावर एका हिवाळ्यात बगीचेवाले झोपेतच गेले. त्यांच्या पुतण्याने फटफटी ढकलत आणून मावसाजींच्या दारात उभी केली. काका तसे सांगून गेले होते. ती चालवणारे मात्र आता कुणी उरले नव्हते. मावसाजी तिला पुसून ठेवत, आणि बाजाराच्या दिवशी सायकल काढून लोधीखेड्याला जात.

"तिथं कोन हाये आता?" मावशी म्हणे.

"झाडं हायेत ना."

एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. बगीच्याला बहार आला होता, वास सगळीकडे भरून राहिला होता. बांधावर बसून मावसाजींनी सोबत आणलेले संत्रे सोलले, अर्ध्या फोडी स्वतः घेतल्या, थोड्या मला दिल्या आणि उरलेल्या सालीवर नीट मांडून बाजूला ठेवल्या. उन्हे झाडांखालून निघून जाईपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो.