वहिनींचे आभार

आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. घाटनांदूरच्या घरी तिचं सगळं वहिनींनी केलं. कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं, पेज भरवणं. मी शहरात वर्तमानपत्रात नोकरीला. महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, तेव्हा वहिनी काही न विचारता चुलीपुढे पाट टाकायच्या. तव्यावरची भाकरी थेट ताटात यायची.

"बसा भाऊजी. हितला धूर खायला तरी येत जावा."

तेराव्याला अंगणात मंडप होता. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपली आणि दादाने माइक माझ्या हातात दिला. असे समारोप मी वर्षानुवर्षं छापत आलो होतो. पुढारी, डॉक्टर, भजनी मंडळ, शेजारी, या क्रमाने आभार मानले. पुढारी माना डोलावत होते. शेवटी म्हणालो, "आणि ज्यांनी आईची चार वर्षं सेवा केली, त्या माझ्या वहिनींचे मनापासून आभार."

बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. वहिनींच्या थोरल्या बहिणीचा आवाज मंडपभर ऐकू आला.

"का गं, तू सून हाईस का कामाला लावलेली बाई?"

कोणीतरी हसलं. वहिनी पदर पुढे ओढून भात वाढायला उठल्या. मी मागोमाग गेलो.

"वहिनी, काही चुकलं का?"

"आभार पाव्हण्याचे मानतेत, भाऊजी. मी माझ्या घरचं केलं. तुमी मला डाक्टरच्या रांगंत बसवलं."

दादा मध्ये पडला. "जाऊ दे. पेपरवाल्याची सवय हाय ती."

"मग पेपरातच मानायचे," वहिनी म्हणाल्या. आणि भाताचं पातेलं उचलून पंगतीकडे गेल्या.

वर्षश्राद्धाला गेलो. दारात काचेच्या ग्लासात पाणी मिळालं. पुढच्या खोलीत खुर्ची होती, टीपॉयवर झाकलेलं ताट. आत चूल पेटलेली होती. मी उठून तिकडे निघालो, तर वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"बसा न्हवं तिथंच. आत लई धूर हाय."

जेवलो. भाकरी गार होती. निघताना वहिनींनी हात जोडले. यापूर्वी कधी जोडले नव्हते.

"येळ काढून आलात, भाऊजी. आभारी हाय."

दादा खाली बघत होता. गाडीला अजून दीड तास होता. मी स्टँडवर जाऊन बसलो.