पिवळा दिवा आणि ताजी हवा

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, सांभाळायचो. रिअ‍ॅक्टरमधला कॅटॅलिस्ट कधी थकला, कधी मेला, हे सांगण्याचाच मला पगार मिळे. त्यामुळे दोन हजार आठच्या सुमारास माझ्या सेकंडहँड गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि उल्हासनगरच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी' असं वाचून दाखवलं, तेव्हा काळजी राहिली बाजूला, मला आनंदच झाला. अख्ख्या गाडीत मला कळणारी एकच वस्तू, आणि नेमकी तीच बिघडली होती.

"चेक करके बताता हूं साहब, कल आओ," तो म्हणाला.

"चेक क्या करना है? कॅटॅलिस्ट मर गया. बदल डालो."

"पक्का?"

"अरे, मेरा रोज का काम है!"

"फिर तो डॉक्टर आपही हो, साईं," म्हणत त्याने स्कॅनर गुंडाळला.

गाडी घेतली होती बाबांसाठी. त्यांना दमा. खरवईच्या घरून उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे त्यांना दर आठवड्याला न्यावं लागे. जन्मभर सायकलने कंपनीत गेलेला माणूस मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जाणार, याचं वर्णन मी गाडी दारात यायच्या आधीच सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं होतं.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधला डबा. धुरातलं विष त्यातल्या कॅटॅलिस्टवर जळतं. त्याच्या अलीकडे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर, पलीकडे एक. अलीकडच्याचा आकडा सारखा वरखाली होतो, पलीकडच्याचा शांत राहायला हवा. माझा पलीकडचाही नाचत होता. एवढ्यावर मी निदान केलं आणि चांगला डबा काढून भंगारात घातला. नवा बसला, दिवा विझला. मी घरी पेढे नेले. पेढे संपायच्या आत दिवा परत लागला.

त्याच सुमाराला बायको म्हणाली, "अहो, गाडीत कसला तरी वास येतो."

"कंपन्यांनी गॅस सोडला असेल."

आमच्याकडे हे उत्तर कुठल्याही वासाला चालतं. दूध करपलं तरी माणसं आधी खिडकीबाहेर बघतात. शिवाय इतकी वर्षं प्लँटमध्ये काढून माझं नाक शोभेपुरतंच उरलं होतं.

"खिडकी लावली तरी येतो," ती म्हणाली.

"मग जास्त सोडला असेल."

बाबा डॉक्टरांच्या दारात उतरले की घामेजलं कपाळ धरून पायरीवर बसत. त्यांना दम लागतो म्हणून मी एसी बंद ठेवून बाहेरच्या हवेची झडप पूर्ण उघडत असे. 'ताजी हवा घ्या बाबा,' म्हणून वर पंख्याचं बटणही वाढवत असे.

एकदा अंबरनाथ ओलांडताना त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकले. तोंड पुसून म्हणाले, "पुढल्या वेळेपासून मी रिक्षाने जात जाईन."

"लोक काय म्हणतील? मुलाकडे गाडी असताना?"

"लोकांना बसव मग गाडीत."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी कंपनीत ऑपरेटर एका पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी मारत होता. बुडबुडे आले की जोड गळतोय. ही आमच्याकडची बाराखडी. कॅटॅलिस्टला मेलेला ठरवण्याआधी जोड तपासायचे, हे नव्या पोरांना मीच दटावून सांगत असे. उभ्या उभ्या माझे कान गरम झाले.

घरी आलो. व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी नळी सायलेन्सरच्या तोंडात चिंधी लावून कोंबली आणि बॉनेट उघडून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या जोडावर भराभर बुडबुडे उठले. जोडातली गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, फाटली होती. इंजिनाच्या ठोक्यागणिक तिथून बाहेरची हवा आत शिरून सेन्सरला फसवत होती आणि धूर बाहेर येऊन बॉनेटखाली साचत होता. माझ्या ताज्या हवेची झडप तिथूनच श्वास घेत होती.

इतके आठवडे मी बाबांना गाडीचा धूर पंखा लावून पाजत होतो.

गॅस्केट बदलली. दिवा विझला, तो कायमचा. वास गेला. पुढच्या डॉक्टरवारी मी गाडी दारात लावली, पुढचं दार उघडून धरलं आणि बाबांना सगळं सांगितलं, बुडबुड्यांसकट.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "सापडलं ना? बरं झालं," म्हणाले. मग गेटकडे बघून माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, चल. रिक्षा थांबलीय."

"बाबा, आता काही होणार नाही. मी तपासलंय."

"तू आधीही तपासलं होतंस."

ती दोघं रिक्षात बसली. बाबांच्या रिपोर्टांची पिशवी मागच्या वेळेपासून माझ्या गाडीतच राहिली होती, म्हणून मी मागून निघालो. सगळा रस्ता रिक्षाचा काळा धूर माझ्या काचेवर येत राहिला. उल्हासनगरला गाडी लावायला जागा मिळेना. शेवटी पिशवी घेऊन धावत पोचलो, तर दोघं दवाखान्यातून बाहेर पडत होती. बाबांचं कपाळ कोरडं होतं. पायरीवर न बसता ते सरळ चालत आले.

"अरे," मला बघून म्हणाले, "तू कशाला आलास?"