कृपाचा दुसरा गाल

मी बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली. भाजलेलं, कापलेलं, विहिरीतून काढलेलं, सगळं पाहिलं. मला सहसा धक्का बसत नाही. पण त्र्याहत्तर सालच्या त्या गुरुवारी कृपा माझ्यासमोर येऊन बसली आणि मी हादरले.

कृपा भिंगारला प्राथमिक शाळेत शिकवायची. वय सत्तावीस, आवाज असा खणखणीत की तिचा वर्ग रस्त्यावरून ओळखावा. तीन वर्षांपूर्वी टायफॉईडने तिला अंथरुणाला खिळवलं होतं. त्यातून उठली, पण गाल काही भरून आले नाहीत. गालफडं बसली ती बसलीच. दोन स्थळं पाहून गेली आणि दोघांनी एकच निरोप पाठवला, मुलगी आजारी दिसते. आजारी म्हणे! पोरीने वर्षभरात एक रजा घेतली नव्हती.

तिसऱ्या स्थळासाठी तिने फोटो काढला तो माझा धाकटा भाऊ फिलिप कामाला होता त्या स्टुडिओत. फिलिप रिटचिंग करायचा. खालून उजेड घेऊन निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायचा, की छापलेल्या फोटोत तेवढी सावली उजळते आणि खड्डे बुजतात. दुष्काळाचं वर्ष, खेड्यांतून येणाऱ्या मुलींचे गाल आत गेलेले, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांचे भरून द्यायचा. "ताई, निदान फोटोत तरी पोटभर जेवलेल्या दिसू देत," म्हणायचा. कृपाचेही त्याने भरले, तिला न विचारता. श्रीरामपूरच्या मुलाने फोटो पाहून होकार कळवला. महिन्याने, रविवारी उपासनेनंतर, मंडळी बघायला येणार असं ठरलं.

त्याच्या आधीचा हा गुरुवार. कृपा आली ती पदराने अर्धं तोंड झाकून.

"सिस्टर, एक विचारू? मेण चांगलं की तेल?"

"कशाला?"

"गालात घालायला."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती अगदी शांतपणे सांगत सुटली. पुण्याला एक डॉक्टर येतो, मुंबईचा म्हणे, लॉजवर खोली घेऊन बसतो आणि सुईने गाल भरून देतो. त्याच्याकडे दोन प्रकार आहेत. एक मेण, ते वितळवून टोचायचं, घट्ट बसतं. दुसरं सिलिकॉन नावाचं परदेशी तेल, ते मऊ राहतं, पण कधीकधी जागचं सरकतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडलेच. "जिवंत माणसाच्या मांसात मेण? खबरदार त्या माणसाला सुई लावू दिलीस तर!"

तिने पदर बाजूला केला.

देवा परमेश्वरा! डावा गाल टम्म फुगला होता, तांबडा, चकचकीत. मी बोट लावलं तर कातडी तापलेली आणि खाली सुपारीएवढी गाठ. उजवा होता तसाच, आत गेलेला.

"आधी एक करून बघू म्हणाले. पंधरा दिवस झाले. शनिवारी दुसरा करणार आहेत," ती म्हणाली. "हा फार दुखतोय, म्हणून म्हटलं उजव्यात तेल घालावं का."

"अगं बये, पण मेण घालून घ्यायचं सुचलं तरी कसं तुला?"

"तुम्हीच तर आईच्या हातांना मेण लावता."

 तिच्या आईची, रतनबाईची बोटं संधिवाताने आखडलेली. दर मंगळवारी मीच तिचे हात वितळलेल्या मेणात बुडवून शेकायची आणि कृपा शेजारी बसून बघायची. अगं, ते कातडीच्या वरून गं, वरून! पण आता सांगून काय उपयोग? दवाखान्यात पाहिलेली वस्तू म्हणून तिने विश्वासाने निवडली होती.

तशीच तिला आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी बराच वेळ गाल चाचपला. मेण मांसात पसरलंय, म्हणाल्या, आता ओढून निघायचं नाही. कापलं तर वण राहील आणि नस दुखावली तर तोंड वाकडं होईल. गोळ्यांनी सूज थोडी उतरेल, गाठ राहणार.

"आणि तेल?" कृपाने विचारलं.

"तेही आत गेलं की गेलं. यात निवडण्यासारखं काही नाही, बाळ."

"मग रविवारी मी अशी एका बाजूने बसू?" ती रडली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "दोन्ही सारखे झाले तर निदान फोटोसारखी दिसेन."

संध्याकाळी मी फिलिपला फैलावर घेतलं. तो मटकन खाली बसला.

शनिवारी सकाळी मी रतनबाईच्या घरी जाऊन बसले. कृपाची पिशवी भरून दारात ठेवलेली. "लई हुशार लेक माजी, सिस्टर," रतनबाई पुन्हापुन्हा म्हणत होती, "तिला आसं कसं सुचलं वो?" पुण्याच्या एस.टी.ची वेळ होत आली. कृपा पिशवीकडे बघत होती, मी कृपाकडे. शेवटी ती उठली, पिशवी आत नेऊन ठेवली आणि वह्या तपासायला बसली. माझ्या जिवात जीव आला.

रविवारी मंडळी आली. मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला, फोटोकडे पाहिलं, कृपाकडे पाहिलं. मी लगेच पुढे झाले. "दाढ सुजलीय हो तिची. चार दिवसांत उतरेल." पेशंटशी कधी खोटं न बोललेली मी, घडाघडा बोलून मोकळी झाले.

"आणि ही दुसरी बाजू इतकी कशी बसलेली?" त्या बाई म्हणाल्या. "फोटोत तर अशी नाही."

कृपाने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"दाढ सुजलेली नाही," ती वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली. "फोटोसारखं दिसावं म्हणून मी या गालात मेण टोचून घेतलं. डावा गाल फोटोतला आहे. उजवा माझा आहे. तो बघा आणि मग सांगा."

मुलगा जमिनीकडे बघत राहिला. कळवतो म्हणून उठले, ते कळवलंच नाही.

ती माणसं गेल्यावर कृपा माझ्याजवळ येऊन बसली.

"सिस्टर, दाढेचं सांगितलंत, म्हणजे तुम्हालासुद्धा माझी लाज वाटली?"

नाही, असं तोंडावर आलं होतं. पण मी "हो" म्हणाले.

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि कप उचलायला लागली.