दुपारच्या सुट्टीतला क्लब

गौहर शेख कॉलेजच्या कोडिंग क्लबची प्रमुख झाली तेव्हा क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे बारा नावं होती. पहिल्या बैठकीला आलेल्यांना ॲप, वेबसाइट काहीच बनवायचं नव्हतं. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, सर्टिफिकेट कधी मिळणार.

ती शेवटच्या वर्षाला होती. तिसगावहून रोज एसटीने नगरला कॉलेजला यायची. क्लब संध्याकाळी पाचला भरायचा, आणि खेड्यावरच्या मुली साडेचारलाच स्टँडकडे निघायच्या. दुसऱ्या वर्षाची अश्विनी, करंजीची, एकदा म्हणाली, "ताई, मला लई शिकायचंय, पण पाचला थांबले तर घरी पोचायला अंधार हुतो. मग बाबा कॉलेजच बंद करतील."

गौहर स्वतः तीन वर्षं चुलत्याच्या हातापाया पडून पाचनंतर थांबत आली होती. तिने क्लब दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत घेतला.

सहप्रमुख सुनील हॉस्टेलला राहायचा. तो चिडला. "एकला मेस असते. पोरं उपाशी बसणार का?"

"आलटून पालटून घेऊ. दोन दिवस एकला, दोन दिवस पाचला."

"मग पाचचं तू बघ."

तेही तीच बघू लागली. डबा तसाच घरी जायचा. आई डबा उघडून पाहायची आणि भाकरी गाईला घालायची. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रखडला, डोकं दुखायला लागलं. दुपारी मात्र मुली वाढत गेल्या. चौघींच्या नऊ झाल्या. लॅपटॉप दोघींकडेच, बाकीच्या मोबाईलवर कोड लिहायच्या आणि एका कंसासाठी अर्धा तास घालवायच्या.

मार्चमध्ये क्लबचं काम पाहणाऱ्या सरांनी अहवाल मागवला. कागद उलटून ते म्हणाले, "गेल्या वर्षी शंभरच्या वर हजेरी. यंदा सरासरी चौदा?"

"सर, गेल्या वर्षी शंभर सह्या होत्या. माणसं नव्हती."

सरांनी कागद मिटले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "खरं असेल. पण वर मला आकडा दाखवावा लागतो. पुढचं सुनील बघेल. तूही दमलीयस."

ती भांडली नाही. भांडायलाही अंगात काही असावं लागतं. त्याच दिवशी तिने ग्रुपचा ताबा सुनीलला दिला, आणि क्लब पुन्हा पाचला गेला.

दोन दिवसांनी अश्विनीने तिला व्हरांड्यात गाठलं. "ताई, एक वाजता रिकाम्या वर्गात बसतो आमी. याल का?"

"मी आता प्रमुख नाही गं."

"ते म्हाईत हाय. आमच्या ॲपचं लॉगिन चालंना झालंय."

गौहर गेली. चूक पाहिली, पण सांगितली नाही. "तुम्हीच शोधा," म्हणून मागच्या बाकावर बसली. नऊ डोकी एका स्क्रीनवर वाकली होती. कुणी म्हणत होती, हे नाव वर वेगळं लिहिलंय. दुसरी म्हणत होती, थांब, हात नको लावू. ऐकता ऐकता गौहरने हातांवर डोकं टेकलं.

लॉगिन चालू झालं तेव्हा ती गाढ झोपली होती. एक मुलगी तिला उठवायला निघाली, तर अश्विनीने त्या मुलीचा हात धरला आणि हळूच पंखा सुरू केला.