पंक्चर झालेल्या बसमधली ऊब

नातवाला दवाखान्यातून घरी आणलं, पण माझं मन काही घरी आलं नव्हतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं ओंजळीएवढं पोर, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिलेलं. डोळे, कान, मेंदूची वाढ, सगळं पुढे तपासत राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कामांची यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुधाच्या वेळा, औषधं, दुपटी उकळणं, सगळं लिहून भिंतीवर लावलं. पण त्याला दिसेल का, तो चालेल का, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? शेवटी चंद्रपूरच्या महाकालीला साकडं घातलं. जणू तिलाही एक काम वाटून दिलं.

डोळ्यांच्या तपासणीला चंद्रपूरला जायचं होतं. मी ठरवलं, आधी बाळाला देवीच्या पायांवर घालायचं, मग दवाखाना. पण पारोसं पोर देवळात कसं न्यायचं? वजन वाढेपर्यंत अंघोळ नको, असं सिस्टरने बजावलं होतं, लेकीनेही आठवण करून दिली. तरी मी ऐन थंडीत सकाळी त्याला न्हाऊ घातलं.

आमच्या मूल गावाहून बस निघाली आणि जंगलात शिरताच लेकीला बस लागली. ती ओकाऱ्यांनी बेजार, म्हणून बाळ माझ्याकडे आलं. तळवे चाचपले तर गार. दूध ओढेना, नीट रडेना. टोपी, मोजे, शाल, पिशवीतलं सगळं त्याच्यावर चढवलं, तरी गारच. उघड्या छातीला उघडं बाळ धरायचं, हे सिस्टरने शिकवलं होतं. पण भरल्या बसमध्ये पदर कसा सोडायचा? तेवढ्यात टायर फुटला. आज सगळं माझ्याच वाट्याला, असं वाटून मी कंडक्टरवर खेकसले.

“उतरा, सगळे उतरा,” तो ओरडला. गाडी रिकामी होऊ लागली. मागच्या बाकावरची बांगड्यांच्या पेट्या घेतलेली मुस्लिम बाई मात्र माझ्याजवळ आली. तिने बाळाच्या पायाला हात लावला.

“भाऊ, पोरगं थंडं पडलं. आम्ही नाई उतरत. तुमी टायर पाहा, इकडं नका पाहू!” मग मला म्हणाली, “बाई, लाजता काऊन? घ्या ना त्याले छातीशी.”

तिने ओढणी सोडून आडोसा धरला. मी बाळाला छातीवर घेतलं, वरून शाल ओढली. हलता येईना, दुसरं काही करता येईना. मी महाकाली आईचं नाव घेत होते, ओढणीमागे ती तिची दुआ पुटपुटत होती. हळूहळू त्याची पाठ कोमट झाली. मग तो कुरकुरला आणि मोठ्याने रडला.

“रडते बाप्पा आता! आजीवानीच खेकसते,” ती हसली. लेकही हसली. मला रडू आलं.

टायर बदलून गाडी चंद्रपूरला पोचली, तशी स्टँडवर ती गर्दीत गेली. नाव विचारायचं राहिलं. आम्ही सरळ दवाखाना गाठला. आज डोळे ठीक आहेत, पुन्हा दाखवायला आणा, डॉक्टर म्हणाले. देवळात जाणं झालंच नाही, पण देवी भेटली नाही असं मला म्हणवत नाही.

तो कधी बसेल, कधी चालेल, हे मी अजून रोज तिला विचारते. पण विचारते ती त्याला छातीशी घेऊन. आणि उत्तर आलं नाही, तरी त्याला खाली ठेवून धावत सुटत नाही.