कागदोपत्री विभक्त

तीन फेब्रुवारीला कडक यांनी आयकराचे चार हजार आठशे साठ रुपये भरले, आणि तेही न मिळालेल्या उत्पन्नावर. लोक कमाई लपवतात म्हणून करखात्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असं म्हणतात. कडक यांच्यामुळे त्या खात्यातल्या एखाद्याला तरी गाढ झोप लागत असावी. सलग तिसऱ्या वर्षी त्यांनी दोन लाख वीस हजारांच्या जागी तीन लाख साठ हजार दाखवले होते.

कडक हे काही त्यांचं नाव नव्हे. बाजारामागच्या गल्लीत त्यांची लाँड्री होती. त्यांच्या हातची स्टार्च केलेली कॉलर संध्याकाळपर्यंत मान वळू देत नसे, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं, आणि पुढे ते स्वभावालाही चपखल बसलं. मंगळवारी देतो म्हटलेले कपडे ते मंगळवारीच देत. सोमवारी इस्त्री करून फळीवर ठेवलेले समोर दिसत असले तरी गिऱ्हाइकाला सांगत, "पावतीवर मंगळवार आहे." मग आतून त्यांची बायको यायची, गठ्ठा उचलून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घेऊन जा हो. मंगळवार काय पळून जातोय?"

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर होतं. मधे एक पडदा. पडद्याच्या पुढे ते हिशेब ठेवायचे, मागे ती बटणं लावायची. गिऱ्हाइकांच्या खिशांत राहिलेली नाणी, किल्ल्या, चिठ्ठ्या ती काचेच्या बरणीत ठेवून ज्याच्या त्याला आठवणीने परत करायची. दुकान चालायचं ते त्यांच्या इस्त्रीवर, पण गिऱ्हाईक टिकायचं तिच्या जिभेवर. हे ते स्वतःही कबूल करत, फक्त तिच्यासमोर नाही.

जास्त उत्पन्न दाखवायचं कारण होतं वाफेचं मशीन. जुन्या इस्त्रीने त्यांचा खांदा निकामी होत आला होता. बँकेने सांगितलं, एवढ्याशा उत्पन्नावर एवढं कर्ज बसत नाही. तेव्हा करसल्लागाराने तोडगा काढला.

"जास्त दाखवा. जास्त दाखवलं म्हणून आजवर कुणाला पकडलेलं नाही."

"पण ते खोटंच झालं ना?"

"खोटं कसलं? खजिन्यात पैसे जाताहेत. याला देशसेवा म्हणतात."

मशीन आलं. त्याचा हप्ता सुरू झाला, आणि त्याच वर्षी आरोग्य विम्याचं पत्र आलं. अकरा वर्षं दोघांचा मिळून चौदा हजार तीनशेचा हप्ता जात होता. कडक यांना साठ पूर्ण झाल्यामुळे तो आता एकतीस हजार सातशे झाला होता. अकरा वर्षांत एका पैशाचा दावा केलेला नव्हता. त्यांनी दोन रात्री आकडेमोड केली. मशीनचा हप्ता, कर, दुकानाचं भाडं आणि विमा, या चारांपैकी विमाच तेवढा थांबवता येण्यासारखा होता.

"एक वर्ष विमा थांबवू," ते म्हणाले. "मशीनचा भार हलका झाला की पुन्हा घेऊ."

"मला काय होतंय?" ती म्हणाली. "मी आहे घोड्यासारखी."

त्या हिवाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. आधी चपला घट्ट झाल्या, मग श्वास. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळचे एकोणीसशे. विमा कंपनीत गेले तर तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की नवा विमा जरूर देऊ, पण आधीपासूनच्या आजाराला चार वर्षं काही मिळणार नाही. पाच महिन्यांत ठेवी मोडल्या, तिच्या हातातलं सोनं गेलं, आणि मशीन विकायला काढलं तर बँकेने आठवण करून दिली की ते अजून बँकेचं आहे.

सरकारी मदतीच्या कचेरीत खिडकीवर एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, समोर पेल्यात गार झालेला चहा. त्यांनी कागद चाळले आणि थेट आकड्यावर बोट ठेवलं.

"मर्यादा अडीच लाखांची आहे. तुमचं तीन लाख साठ हजार."

"ते खरं नाही, बाई."

"मग खरं किती?"

"दोन वीस."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे न मिळालेल्या पैशांवर तुम्ही तीन वर्षं कर भरलात?"

"हो."

"मी इथे बावीस वर्षं आहे. उलटं करणारे रोज येतात."

दुरुस्ती करायची तर आधीच्या तिन्ही वर्षांचं खोटं कबूल करावं लागलं असतं, आणि त्याच आकड्यांवर दिलेलं कर्ज बँकेने एका रकमेत परत मागितलं असतं. करसल्लागाराने फोन उचलणं बंद केलं होतं. कडक खिडकीपाशीच कागद गोळा करत राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. बाईंनी आवाज उतरवला.

"तुमच्या मिसेसना स्वतःचं उत्पन्न आहे का?"

"नाही. दुकान माझ्या नावावर."

"मग त्या वेगळ्या राहत असतील तर त्यांचं मोफत उपचाराचं स्वतंत्र कार्ड निघतं. विभक्त असल्याचं प्रतिज्ञापत्र, दुसरा पत्ता, दुसरं स्वयंपाकघर. मी सुचवलं असं म्हणू नका. आणि तपासणी होते बरं का. एकत्र दिसलात तर कार्ड रद्द."

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा ती पलंगावर पाय उशीवर ठेवून बसली होती. तिने पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "चौतीस वर्षांत मी किती वेळा म्हटलं, जाते बहिणीकडे. तेव्हा कधी रिक्षाला पैसे दिले नाहीत."

तिची थोरली बहीण तीन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा, म्हणजे कडक यांचे साडू, निवृत्त बसकंडक्टर. आयुष्यभर माणसं कोंबण्याचा सराव असल्यामुळे त्यांनी खिडकीजवळची जागा ताबडतोब रिकामी केली. "एक सीट आहे, लेडीज," ते म्हणाले, आणि ती हसली. प्रतिज्ञापत्रावर सही करताना मात्र तिचा हात थांबला. कागदावर लिहिलं होतं, 'स्वभाव न जुळल्याने'.

"हे कुणी लिहिलं?"

"वकिलाचा ठरलेला मजकूर आहे," कडक म्हणाले.

"खरं आहे म्हणा," ती म्हणाली आणि सही केली.

कार्ड महिन्याभरात आलं. डायलिसिस मोफत झालं. तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, जिभेला धार परत आली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं, आणि ठरल्याप्रमाणे वागणं हाच कडक यांचा धर्म होता. एकत्र दिसलात तर रद्द, म्हणजे दिसायचंच नाही, असा त्यांनी अर्थ लावला. ते मेव्हणीच्या जिन्याची पायरी चढले नाहीत. फोन करायचे तोही दुकान बंद केल्यावर, मोजका. साडू म्हणायचे, "अहो, जेवायला या. तपासणीवाला काय ताटाखाली लपून बसलाय?" कडक म्हणायचे, "कार्ड राहू दे. जेवण काय, नंतर होईल."

मग ती दुकानात यायला लागली. डायलिसिस नसलेल्या दिवशी, दुपारी, हळूहळू चालत, बहिणीकडचे कपडे घेऊन. काउंटरच्या त्या बाजूला गिऱ्हाइकासारखी उभी राहायची. चार माणसं असायची. कडक तिच्याकडे नीट बघतही नसत. ती मात्र सगळं बघायची. शर्टाचं बटण तुटलंय, पडदा धुतलेला नाही, बरणी भरून वाहतेय.

लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक नंबर असतो. कॉलरच्या आत किंवा शिवणीच्या काठाला तो न जाणाऱ्या शाईने लिहितात, म्हणजे शेकडो कपड्यांत ज्याचे त्याला सापडतात. घरच्या कपड्यांवर नंबर नसतो. बिननंबरी कपडा दिसला की तो आपला, पडद्यामागे टाकायचा. चौतीस वर्षं तिच्या एकाही कपड्यावर शाईचा ठिपका नव्हता.

एका दुपारी तिने बहिणीच्या गठ्ठ्यात आपला निळा स्वेटर आणि दोन गाऊन दिले. संध्याकाळी कडक शाईचं पेन घेऊन बसले. वेगळा पत्ता, वेगळं स्वयंपाकघर, मग कपडेही वेगळेच असायला हवेत. तपासणीवाल्याने कपाट उघडलं आणि बाकी सगळ्यांवर नंबर, हिच्यावरच नाही, असं झालं तर? त्यांनी नवा नंबर काढला आणि नेहमीच्या सुबक अक्षरात तिन्ही कपड्यांवर घातला. पावतीही फाडली.

ठरल्या दिवशी ती आली. गठ्ठा उघडला, स्वेटरची कॉलर उलटून बघितली. काउंटरवर शाळेचे एक मास्तर उभे होते.

"मला नंबर दिलात?" ती म्हणाली.

"सगळ्यांना असतो," कडक म्हणाले, मास्तरांच्या दिशेने.

"किती झाले?"

"चौऱ्याऐंशी."

तिने शंभराची नोट ठेवली, सुटे सोळा मोजून परत घेतले. जाताना मास्तरांना म्हणाली, "कॉलर जपा हो, मान कापेल." मास्तर हसले. त्यानंतर कपडे घेऊन तिची बहीण यायला लागली.

"ती का येत नाही?" त्यांनी एकदा विचारलं.

"दमते," मेव्हणी म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "तुम्हीच या ना एकदा. तो स्वेटर ती घालत नाहीये."

कडक यांना ते कळलं. इतके काही ते दगड नव्हते. त्यांनी ठरवलं, कार्डाचं वर्षाचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे, ते झालं की एक दिवस दुकान बंद ठेवून जायचं, आणि बसून तिची समजूत घालायची.

मार्चमध्ये, दुपारी, मेव्हणीचा फोन आला. हिला श्वास घेता येत नव्हता, अँब्युलन्समधून मोठ्या हॉस्पिटलात नेलंय. कडक मशीन तसंच चालू ठेवून निघाले, अर्ध्या रस्त्यातून परत फिरून बंद करून आले.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक तरुण होता. त्याच्या शेजारच्या टेबलावर सरकारी योजनेचा माणूस बसला होता. गळ्यात ओळखपत्र, समोर कार्डांचा ढीग. सगळ्यात वरचं कार्ड तिचं होतं. उलटं असूनही कडक यांनी फोटो ओळखला.

"पेशंटचे कोण तुम्ही?" तरुणाने विचारलं.

योजनेच्या माणसाने मान वर केली. सहज केली असेल, आवाजाने.

"लाँड्रीवाला," कडक म्हणाले. "ओळखीचा."

"आत फक्त नातेवाईक. बाहेर बसा."

ते बाकावर बसले. थोड्या वेळाने साडू औषधाची चिठ्ठी घेऊन धावत बाहेर आले.

"इथे काय बसलाय? चला आत. ती विचारतेय, आले का म्हणून."

"योजनेचा माणूस आहे तिथे."

"मग?"

"कार्ड रद्द केलं आणि आत्ताच्या आत्ता तिला लावलेलं मशीन काढलं तर?"

साडूंनी चिठ्ठी मुठीत धरली. "मी औषध घेऊन येतो," ते म्हणाले. "मग बघतो कोण अडवतं ते."

साडू औषध घेऊन परत आले आणि तसेच आत गेले. कडक उठून उभे राहिले. आतून कुणीतरी बोलावेल, मग जाऊ, मग कुणी बोट ठेवणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. साडू पुन्हा बाहेर आले तेव्हा त्यांना कसलीच घाई नव्हती. औषधाची पिशवी त्यांच्या हातात तशीच होती.

मृत्यूच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही साडूंची झाली. पतीच्या रकान्यात 'विभक्त' लिहिलेलं होतं. अंत्ययात्रेत कडक यांना शेजारच्यांबरोबर, मागच्या बाजूने चालावं लागलं नाही. मेव्हणीने हात धरून त्यांना पुढे आणलं. पण तिथेही ते आधी डावीउजवीकडे बघत होते.

आठवड्याने ते कार्ड परत करायला कचेरीत गेले. बाईंनी ओळखलं. कार्डावर आडवी रेघ मारली, वही पुढे केली, सही घेतली. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "शेवटी होतात ना जवळ?"

"बाहेर होतो," कडक म्हणाले. "दिसलो तर रद्द, म्हणाला होतात."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. रांगेतला माणूस पुढे सरकू लागला तसा त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"अहो, एका घरात राहताना म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "भेटायला कुणाची बंदी होती? आणि चालू उपचार कुणी मधेच बंद करत नाही. विचारायचं होतंत."

कडक यांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

दुकान चालू आहे. मंगळवारचे कपडे सोमवारी तयार असले तर आता ते सोमवारीच देऊन टाकतात. मशीनचे अजून एकोणीस हप्ते आहेत. या वर्षीच्या विवरणपत्रात त्यांनी दोन लाख वीस हजारच दाखवले. कर शून्य आला.

अँब्युलन्सचे सहाशे चाळीस रुपये त्या दिवशी साडूंनी दिले होते. ते अजून द्यायचे राहिले आहेत.