चित्रांच्या पोथीपुढची एकटी श्रोती

कडावला लग्न होऊन आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. सासरी रामाची एक हातानं लिहिलेली, चित्रांची पोथी होती. श्रावणात मामंजी ती वाचत. वाचायला निदान एक श्रोता हवा, आणि अध्याय संपेपर्यंत त्यानं उठायचं नाही. उठला, तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून. घरची माणसं शेतात, सासूबाई चुलीपाशी. मग काय, मला बसवलं.

पहिल्याच दिवशी मी अक्कल पाजळली. चित्र आलं की विचारायचं. "मामंजी, हा हिरव्या अंगाचा कोण?" "रावणाचं दहावं डोकं असं चेपलेलं का?" चिताऱ्याचा कागद संपला होता, दुसरं काय! पण मामंजींना वाटलं, सून भाविक निघाली. तेव्हापासून ते प्रत्येक चित्रापाशी थांबत, चष्मा पुसत, पान माझ्याकडे फिरवत आणि सगळं उलगडून सांगत. एकेक अध्याय अख्खी दुपार खाऊ लागला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पोशीरहून दादा मला माहेरी न्यायला आला. पाय धुतानाच म्हणाला, "लवकर आटप गं. नदीला पाणी चढतंय. मागनं उतरता येयाचं नाय."

अध्याय चालू होता. समोर अशोकवनाचं चित्र. झाडाखाली सीता, भोवती नथा घातलेल्या राक्षसिणी, वर फांदीत मारुती. शेपूट काही त्याला लपवता आलं नव्हतं. मी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. म्हणजे पान उलटेल.

"आज गप का गं?" मामंजी म्हणाले. "समजलं नाय वाटतं."

"समजलं, मामंजी."

"नाय. तोंडावर दिसतंय." आणि ते मागच्या पानावर गेले.

माझ्या पायांना मुंग्या, डोळ्यांत पाणी. मामंजींना वाटलं, सीतेसाठीच रडतेय. त्यांनी आवाज आणखी हळवा केला. मी दादाला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी बोल, नदीचं सांग. दादा उठला, जवळ आला, मांडी घालून बसला आणि पोथीवर वाकला.

"ही झाडामागची बाई," तो म्हणाला, "हिनं नथ उलट्या बाजूला घातलीय. ही कोण हो?"

मामंजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. आत सासूबाईंनी सुपात आणखी एका माणसाचे तांदूळ ओतल्याचं मला ऐकू आलं.